दोन-तीनच ओढतो, तेवढ्याने काय होतंय मॅडम?

माझं मेडिकल आहे नाशिकला, सातपूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि शेजारीच चहाची टपरी. शिफ्ट सुटली की लोक आधी टपरीवर आणि मग माझ्याकडे. कुणाला ॲसिडिटीची गोळी, कुणाला खोकल्याचं औषध, आणि पैसे देता देता हळूच, "मॅडम, मी काय चेनस्मोकर नाही हां, दिवसाला दोन-तीनच सिगरेटी, तेवढ्याने काय होतंय?" मागे रांग असते, अर्ध्या मिनिटात सांगून होत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून इथे नीट बसून लिहिते.

होतं. बऱ्यापैकी होतं. आणि सगळे घाबरतात कॅन्सरला, पण दोन-तीनवाल्याने आधी घाबरावं ते हार्टला.

आपला हिशेब साधा असतो, वीस ओढणाऱ्याला जेवढा धोका त्याच्या विसावा हिस्सा एक ओढणाऱ्याला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित थोडंफार तसं चालतंही, जितक्या जास्त आणि मुख्य म्हणजे जितकी जास्त वर्षं, तितका धोका (म्हणजे वीस वर्षं दोन-दोन ओढणाऱ्याने फार खूश व्हायचं कारण नाही). पण हार्ट हे गणित पाळतच नाही. 2018 मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 141 अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, त्यात निघालं की रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादाचा धोका असतो त्यातला 40 ते 50 टक्के धोका रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतोच. एक! मी हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो, त्याला वाटतं मॅडम घाबरवतायत.

कारण असं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फार नाजूक असतं, धूर आत गेला की ते दुखावतं, प्लेटलेट्स (रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी) चिकट होतात, गुठळी लवकर धरते, आणि हे सगळं व्हायला थोडाच धूर पुरतो, त्यावर वीस ओढल्या म्हणून वीसपट होत नाही. खोटं वाटत असेल तर घरातल्या माणसांचं बघा, स्वतः कधी हातात न धरलेल्या पण रोज नवऱ्याचा धूर खाणाऱ्या बाईचा हार्टचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. तिची तर दिवसाला एकही नाही.

माझ्याकडे एक जण ड्रेसिंगचं सामान न्यायला यायचा, गॉझ, बीटाडिन, चिकटपट्टी. पस्तिशीच्या आतला, शुगर नाही, बीपी नाही. एका पायात बूट आणि दुसऱ्यात पुढून कापलेली चप्पल, कारण अंगठा काळा पडलेला आणि बोटाला काही लागलं की जीव जायचा. सुरुवात कशी झाली तर चालताना तळपायात गोळा यायचा, थांबलं की बरं वाटायचं, त्याला वाटलं सेफ्टी शूज चावतायत. हा बर्जरचा आजार, यात हातापायाच्या छोट्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, आणि तो होतो तंबाखूवाल्यांनाच, त्यात आपल्याकडे विडी ओढणारे भरपूर. गोळ्या असतात, मीच देते, पण गोळ्यांनी तो थांबत नाही, थांबतो फक्त तंबाखू पूर्ण बंद केल्यावर. दिवसाला एक-दोन चालू ठेवल्या तरी आजार जागाच राहतो, मग बोट, मग पाय. तो मला म्हणायचा, "वीसवरनं तीनवर आणली की ताई." तीनवर आणली ही खरंच मोठी गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही, पण पायाला त्याचा काही उपयोग नव्हता.

बरं, विडीवरनं आठवलं. "विडी बरी, पानाची असते, नॅचरल" असं म्हणणारे काका दर महिन्याला एक तरी भेटतात. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून सारखं ओढावं लागतं, फिल्टर नाही, आणि निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्तच आत जातं. पान नॅचरल आहे तसं धोतऱ्याचं विषारी बीपण नॅचरलच आहे काका.

कमी करणाऱ्यांची अजून एक गंमत. दहाच्या तीन केल्या की त्या तीन माणूस अशा ओढतो, खोल, दम धरून, पार फिल्टरपर्यंत. शरीराला निकोटिनचा ठरलेला कोटा हवा असतो, तो वसूल करून घेतो.

आणि ही दोन-तीनची सवय टिकते कशावर, तर लूजवर. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगरेट-विडी विकायला बंदी आहे, माझ्या शेजारी रोज विकली जाते, लायटर दोरीला बांधलेला. पाकिटावर 85 टक्के जागेत तो भयानक फोटो असतो आणि सोडायला मदत करणारा सरकारी फ्री नंबर असतो, 1800-11-2356. लूजवाल्याच्या हातात पाकीटच येत नाही, त्यामुळे ज्यांना सोडणं त्यातल्या त्यात सोपं जाईल त्यांनी हा नंबर कधी बघितलेलाच नसतो. यावर कोणी काही करेल असं मला वाटत नाही, म्हणून मी तो नंबर काउंटरच्या काचेवर चिकटवलाय.

आता जे सोडून बघतात आणि चार दिवसांत परत येतात त्यांच्या तक्रारी. पहिली आणि सगळ्यात लाजत सांगितलेली, "सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही." खरं आहे, निकोटिनने आतडी हलतात, बंद केलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. इसबगोल घ्या, पाणी प्या, आतडी आपलं काम परत शिकतात, यासाठी कोणी हार्ट पणाला लावतं का? दुसरी, "सोडल्यावर खोकला वाढला, म्हणजे मला सिगरेट सूट होत होती." श्वासनळीत कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, ते धुराने लुळे पडलेले असतात, सोडल्यावर कामाला लागतात आणि साठलेला माल बाहेर काढतात, म्हणून खोकला. काही आठवड्यांत कमी होतो, लांबला किंवा रक्त दिसलं तर मात्र सरळ डॉक्टर. तिसरी, धडधड आणि झोप नाही. यात अर्धा दोष चहा-कॉफीचा असतो, कारण धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर संपवत असते, सिगरेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीचं कॅफिन रक्तात जास्त साठतं. चहा निम्मा करा. थिओफायलिनवाल्या दम्याच्या गोळ्यांचंही असंच होतं, त्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरला सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

गर्भनिरोधक गोळी नेणाऱ्या मुलींना एक वेगळं सांगायचंय, कारण त्या विचारतच नाहीत, मला टपरीच्या मागे दिसतात तेवढंच. पस्तिशीच्या पुढे सिगरेट आणि इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) असलेली गर्भनिरोधक गोळी एकत्र नको, गुठळीचा, अटॅकचा धोका फार वाढतो. डॉक्टरला खरं सांगा, दुसरे पर्याय असतात.

साठीवाले म्हणतात आता सोडून काय उपयोग. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा 1951 पासून पन्नास वर्षं पाठपुरावा केला होता, त्यात ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले, पण साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली तीन वर्षं परत मिळवली आणि तिशीला सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी.

सिगरेटची तलफ भागवून सोडायला मदत करणारं निकोटिनचं चुइंगम 2 एमजीचं चिठ्ठीशिवाय मिळतं, 4 एमजीला चिठ्ठी लागते. पण लोक ते साध्या चुइंगमसारखं चावत सुटतात, मग उचकी लागते, घशात जळजळ होते, आणि परत येऊन म्हणतात फालतू आहे. हळू चावायचं, तिखट झणझण लागली की थांबून गालात धरून ठेवायचं, झणझण गेली की परत दोन-चारदा चावायचं, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, कोल्ड्रिंक नको, तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. आणि नुकताच अटॅक येऊन गेला असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मी चुइंगमसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाही, कितीही भांडलात तरी.