निळी बाई आणि शिवणकामवाल्या काकू

मी टूर मॅनेजर आहे, दर मे महिन्यात मराठी ग्रुप घेऊन युरोपात असतो. त्या दिवशी नीसला बस बिघडली, मोनॅको संध्याकाळवर गेलं आणि हातात बत्तीस माणसं अन् तीन तास, म्हणजे माझी काय हालत झाली असेल ते टूरवाल्यांनाच कळेल! शेवटी सगळ्यांना सिमिएच्या टेकडीवर, फ्रेंच चित्रकार मातिसच्या म्युझियमला नेलं.

तिथे माझं पाठ भाषण सुरू. १९४१ ला लियोंमध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, वय ७१, त्यानंतर ईझलसमोर फार वेळ उभं राहणं होईना, मग बिछान्यात नाहीतर व्हीलचेअरमध्ये बसून कात्री धरली, मदतनीस मुली कागदांना गुआश (पाण्यात कालवायचा दाट रंग) फासून द्यायच्या, हा त्यातून आकार कापायचा आणि त्या ते भिंतीवर टाचणीने लावायच्या. पब्लिक फोनमध्ये. एक काका बोललेच, हे तर आमची नात पण करते.

एक काकू मात्र निळ्या बाईसमोरून हलेनात. 'ब्लू न्यूड चार', कापलेल्या निळ्या कागदांचं चित्र, चारांच्या मालिकेतलं, १९५२ चं. काकूंनी चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत.

"हे याचं पहिलं कटिंग ना रे?"

म्हटलं, नाही काकू, नंबर चार आहे.

"नंबर राहू दे. किती जोड दिलेत बघ, कोळशाने आखून परत खोडलंय. हात बसला नव्हता अजून. बाकीच्या तीन अशा नसतील."

मी गप्पच झालो, कारण नंबर चौथा असला तरी सुरुवात त्याने हिच्यापासूनच केली होती, दोन आठवडे नुसती जोडतोड, बाकीच्या मग पटापट झाल्या, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं (इतक्या वर्षांत ते जोड मला स्वतःला कधी दिसले नव्हते ते वेगळंच).

"कात्री चालू झाली की थांबवायची नसते, थांबली की कडेला दात येतात," काकू म्हणाल्या.

मग मीही सुटलो. सांगितलं की हा वाढला बोएँ नावाच्या विणकरांच्या गावात, आणि वांस गावातल्या चॅपलमधल्या पाद्र्यांचे झगेसुद्धा याने असेच कागद कापून डिझाइन केले. फोनवर फोटो दाखवला. काकूंनी चष्मा वर केला, झूम करकरून बघितलं.

"डोक्यातून घालायचा दिसतोय. पाठ वेगळी बेतलीये का?"

हो म्हटलं, मागचं डिझाइन वेगळं आहे.

"मग पाठीचा फोटो दाखव ना."

तो शोधेपर्यंत ड्रायव्हरचा फोन आला, बस लागली म्हणून.