क्लबच्या ऑटोक्रॉसला सेफ्टी ऑफिसर असताना मी काय बघतो

ऑटोक्रॉस म्हणजे शंकूसारखे प्लास्टिकचे कोन मांडून आखलेल्या ट्रॅकवर घड्याळ लावून गाडी पळवायची; अशा एका फेरीला रन म्हणतात. क्लबच्या अशा स्पर्धेची सुरक्षा माझ्याकडे आली की मी आधी एकच गोष्ट पक्की करून घेतो: स्पर्धा थांबवायचा हक्क कुणाकुणाला आहे? माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठल्याही पोस्टवरच्या, म्हणजे ट्रॅकलगत नेमलेल्या जागेवर उभं राहून लक्ष ठेवणाऱ्या, मार्शलला. त्याने आधी लाल झेंडा दाखवायचा, कारण नंतर विचारायचं. हे आदल्या दिवशी आयोजकांकडून लेखी घेतो, कारण संध्याकाळ होत आली की 'दोनच रन राहिलेत, उरकून टाकू' म्हणणारे भेटतातच. त्याच कागदावर दुसरी अट असते: ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन बाहेर पडली की दुसरी येईपर्यंत एकही गाडी सुटणार नाही.

ट्रॅक मी पायीच फिरतो. सगळ्यात जास्त वेग कुठे येतो ते शोधायचं आणि तिथे ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी सरळ कुठे जाईल ती रेघ नजरेने पुढे ओढायची. त्या रेघेत खांब, कठडा, उभी गाडी किंवा माणूस नको. असेल आणि हलवता येत नसेल, तर कोन सरकवून आधीच एक वळण घालायचं, म्हणजे वेग तिथे पोहोचतच नाही. फिनिशला हे हमखास विसरलं जातं. घड्याळ थांबलं तरी ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरच असतो, म्हणून पुढच्या रनसाठी थांबलेल्या गाड्यांची रांग फिनिशच्या सरळ रेषेत कधीच नको. प्रेक्षकही वळणाच्या बाहेरच्या बाजूला नकोत.

स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, हेल्मेटचं अस्तर उचलून आतला स्टिकर वाचावा लागतो. स्नेल या हेल्मेट प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या 'एसए' प्रकाराची आगीची चाचणी झालेली असते, मोटरसायकलसाठीच्या 'एम'ची नसते. 'एम' चालेल की नाही हे नोंदणीच्या वेळीच जाहीर करावं, गेटवर वाद घालू नये. बॅटरी हाताने हलवून बघतो. हलली तर गाडी परत. ब्रेक पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तरी परत, कारण कुठेतरी गळती आहे. चाक वर-खाली धरून हलवलं की बेअरिंगचा खेळ कळतो. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट मात्र नियम असो-नसो, मी काढायलाच लावतो. सरकून ते पेडलखाली अडकतं. व्हील नट पहिल्या रननंतर पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) तपासायला सांगतो, विशेषतः चाकं तिथेच बदललेली असतील तर.

आगीची तयारी हा खरा नाजूक भाग. आग विझवायचं 6 किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर जेमतेम 15-20 सेकंद चालतं. गेजचा काटा हिरव्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नये; गाडीतून हिंदकळत आलेल्या सिलिंडरमध्ये पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून ते सकाळी उलटं करून हलवून मोकळं करायचं. वारा पाठीवर घेऊन पुढे जायचं. बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा गेली की भडका उडतो. फटीतून नोझल घालायचा. पावडर ज्वाळा मारते पण तापलेलं लोखंड थंड करत नाही, त्यामुळे सांडलेलं पेट्रोल पुन्हा पेट घेतं. म्हणून दुसरं सिलिंडर घेतलेला माणूस मागे तयार हवाच.

पोस्टवर किमान दोघं लागतात. झेंडेवाल्याचं तोंड येणाऱ्या गाडीकडे, दुसरा कोन उचलणार आणि झेंडेवाला 'जा' म्हणेपर्यंत जागचा हलणार नाही. पडलेल्या कोनमागे आपणहून धावणं हाच मार्शलसाठी मोठा धोका, आणि हौशी नवखी मुलं नेमकी तेच करतात. रेडिओवर आधी पोस्टचा नंबर, मग 'लाल, लाल, लाल'. ब्रीफिंगनंतर एक गाडी सावकाश सोडून मधेच लाल करायला लावतो. गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरचा हात वर जायला उशीर झाला, तर पुन्हा करतो.

एकाच जागी लागोपाठ तीन गाड्या कोन उडवत असतील, तर ड्रायव्हरांना दोष देण्याआधी आखणी तपासावी. नोंदवहीत वेळ, पोस्ट, गाडी नंबर आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. 'फार जोरात होता' वगैरे मतं नकोत.

ॲम्ब्युलन्सला शेवटच्या रननंतर लगेच सोडत नाही. गाड्या ट्रेलरवर चढवताना बोटं चिरडतात, पट्टे सुटून तोंडावर बसतात. ट्रेलर भरून झाले की मगच तिला निरोप.