चाबीपायी गेलेले ११ दिवस

पोरं मिळाली, गोष्टींची पुस्तकं मिळाली, सोबतीला एक मैत्रीणही मिळाली. मिळत नव्हती ती शाळेच्या एका खोलीची चाबी.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतला फळा नि पंखे नुसते पडून. सुट्टीत मजुरांच्या मुलांचं वाचन-गणित घ्यावं म्हणून मुख्याध्यापकांना फोन केला. “माझी हरकत नाही, फक्त वरून पत्र आणा.”

हे ‘वर’ नेमकं कुठे? तालुक्याच्या कचेरीत पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण अर्ज आधी आवकला द्यायचा आणि आवकचे बाबू जेवायला. पाऊण तास बाकावर बसले. समोर कूलर, पण त्यात पाणीच नाही, नुसती गरम हवा. बाबूंनी अर्ज वाचून विचारलं, “संस्था कोणती?”

“संस्था नाही, मीच.”

“मग पत्र कोणाच्या नावानं काढू?”

माझ्या नावानं काढा म्हटलं, तर शाळेचा सातबारा मागितल्यासारखं पाहिलं माझ्याकडे. तिसऱ्या खेपेला म्हणाले, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागेल. ही मागणी मला पटली. लहान मुलांजवळ कोण येतं ते बघायलाच पाहिजे. पण हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चौथ्या खेपेला अर्जच सापडेना. तेव्हा बाबांनो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसकट पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नशीब, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे.

त्या संध्याकाळी अंगणात माझा तोंडपट्टा चालू होता. शेजारच्या काकू तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चाबी पायजे न? मंग मले काहून नाही सांगतलं वं?”

काकू शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष! २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. दोन दिवसांत समितीचा ठराव झाला. मुख्याध्यापकांना वरून नाही तर खालून पत्र मिळालं, आणि त्यांनी निमूट चाबी दिली. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनाच नेऊन दिलं.

वर्ग सकाळी ७ ते साडेनऊ. त्यानंतर टिनाखाली बसवत नाही. आणि हो, तेंदूचा हंगाम चालू असताना सुरूच करू नका. आम्ही केला, पहिले चार दिवस तिघंच आली. बाकीची पहाटेच आईबापासोबत जंगलात. फळी, म्हणजे पुडे विकत घेणारं केंद्र, बंद झाल्यावर बाविसावर गेली, कडेवरची भावंडं वेगळी. त्यांना हाकलू नका, नाहीतर मोठी बहीणही जाते. तिसरीतल्या एका पोरीला पाढे येत नव्हते. पुड्यात ७० पानं असतात म्हणून विचारलं, सात पुड्यांची किती? “चारशे नव्वद,” आणि वर, “फाटकी नाही मोजत, मॅडम.”

चित्रकलेचे कागद आणायचे राहिले होते. अर्जाच्या झेरॉक्स प्रती पिशवीत होत्याच, मागून कोऱ्या. एकावर माकड निघालं, दोनांवर बैल, आणि पोच घेतलेल्या प्रतीवर कूलर.