नंबर ४ चा बोल्ट: गेज पास, लग नापास

माझ्या ली-एनफील्ड नंबर ४ मार्क १ चं (.३०३ ची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) गाडं मागच्या अपडेटला नो-गो गेजवर (हेडस्पेस तपासायचं माप, बोल्ट यावर मिटायला नको) रुतलं होतं, ते निघालं. आता वेगळ्याच ठिकाणी रुतलंय.

दुसऱ्या रायफलीचा बोल्ट या रायफलीच्या बॉडीत घातला की नो-गोवर (०.०६७ इंच) आरामात मिटत होता, फील्ड गेजवर (०.०७०, त्याहून सैल मर्यादा) अडत होता. ‘फील्डवर अडतोय ना, मग चालव’ म्हणणारे आहेतच. जुनी लष्करी मर्यादा तर ०.०७४ होती. पण .३०३ चं हेडस्पेस (मिटलेला बोल्ट आणि बॅरल यांच्यातली काडतुसासाठीची जागा) रिमवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर धरतात आणि काडतुसांच्या रिम गो गेजच्या ०.०६४ पेक्षा बऱ्याच पातळ निघतात. म्हणजे खरी फट गेज दाखवतं त्याहून मोठी. मग केस मागे ताणली जाते, बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं आणि पुढेमागे ती तिथेच तुटते. केसच्या बुडाला चिकटपट्टी लावून मोजणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. पट्टी दबते हो!

बोल्टहेड (बोल्टच्या टोकाचा सुटा भाग, नंबर मोठा तितका लांब) १ होतं. ३ मिळालं, शिवाय डब्यात एक २ सापडलं. सहज मायक्रोमीटर लावला, तर २ हे ३ पेक्षा लांब! शिक्क्यावर विसंबू नका, मोजा. एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) काढून, नुसत्या बोटाच्या दाबाने: गो गेजवर मिटला, नो-गोवर हँडल अर्ध्यात थांबलं. ते थांबणं पुन्हा पुन्हा करून बघितलं, खोटं कशाला बोलू.

मग लगना (गोळी झाडताना बोल्टला मागे सरकू न देणारे उंचवटे) निळी शाई लावली, बोल्ट मागे रेटत उघडला-मिटला. उजवीकडच्या लांब रिबवरची शाई पुसली गेली, डावा लग जसाच्या तसा निळा. सगळा भार एका बाजूला, आणि गेजला याचा पत्ताच नाही. परक्या बोल्टची खरी भानगड ही. लॅपिंग पेस्टने उजवी बाजू घासावी, तर जितकं घासू तितकं हेडस्पेस वाढणार. कमावलेले थाउ (इंचाचे हजारावे भाग) गेलेच.

गनस्मिथकडे द्यायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं: कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा, फायरिंग पिनला जोडलेला भाग) झिजला म्हणून बाजूला टाकलेली बोल्टची दुसरी बॉडी आहेच की. कॉकिंग पीस बदलता येतो. यावेळी क्रम उलटा, आधी शाई, मग गेज. दोन्ही लग टेकले तरच बोल्टहेड चढवीन, नाहीतर दोन्ही बोल्ट आणि रायफल गनस्मिथच्या टेबलावर. तोवर एकही राउंड नाही.