ग्रिम्से बेटावर जायचं तर: माझा अनुभव

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारे ४० किमीवर ग्रिम्से नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ५.३ चौरस किमी, वस्ती शंभराच्या आत. आर्क्टिक वृत्त याच बेटावरून जातं, आइसलँडच्या मुख्य भूमीला ते शिवतही नाही. लोकांना वाटतं तिथे जायचं म्हणजे थंडीची धास्ती. मला थंडीचं काहीच वाटलं नाही, तिथला खरा मालक वारा आहे. तिकीट, मुक्काम, परतीचं विमान, सगळं त्याला विचारून ठरवावं लागतं.

म्हणून मी आखणी उलटी केली. आधी बोटीचा दिवस धरला आणि मग मागे मागे येत मुंबईच्या तिकिटापर्यंत पोहोचलो. ‘सैफारी’ ही बोट उत्तर किनाऱ्यावरच्या डाल्विक गावाहून सुटते आणि बेटावर जायला साधारण तीन तास घेते. ती रोज नसते, शिवाय परतीची वेळ आठवड्याच्या वारानुसार बदलते. काही वारी बेटावर चार-पाच तास मिळतात, काही वारी इतके कमी की बंदराभोवती फेरी मारून परत फिरावं. तारीख ठरवण्याआधी वेळापत्रकात हेच पाहायचं. बोट अधूनमधून दुरुस्तीला गोदीत जाते, तेव्हा फेऱ्या आठवडेच्या आठवडे बंद असतात, तेही तपासावं. दुसरा मार्ग उत्तरेतल्या आकुरेयरी शहराहून छोट्या विमानाचा, अर्ध्या तासाचा. धुकं असलं की तोही रद्द. बेटावर उतरण्याआधी कधी कधी धावपट्टीवरचे पक्षी हाकलावे लागतात.

व्हिसा त्यामानाने सरळ. आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, फी प्रौढांसाठी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस हातात ठेवून करायचाच असतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळतानाच दमछाक होते, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने वैध हवा. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटन शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे पाहावे लागतात. फ्रँकफर्ट किंवा कोपनहेगनमार्गे गेलं की शेंगेनची प्रवेश-तपासणी तिथेच होते.

केफ्लाविकला, म्हणजे आइसलँडच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, उतरल्यावर एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. आकुरेयरीची देशांतर्गत विमानं शक्यतो केफ्लाविकहून नव्हे, सुमारे ५० किमीवरच्या रेक्याविक शहरातल्या छोट्या विमानतळावरून सुटतात. दोन विमानांमध्ये तास-दीड तासाचं अंतर ठेवलं असेल तर दुसरं चुकलंच म्हणायचं. विमान पाऊण तासाचं आहे, रस्त्याने गेलं तर साधारण ३९० किमी. आकुरेयरीहून डाल्विक ४४ किमी. सकाळची बोट धरायची असेल तर आदल्या रात्री डाल्विकलाच राहावं.

बोट लागते. गेटवे-मांडव्याच्या सवयीने इथे काही भागत नाही. फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या लांब चिंचोळ्या खाडीत, असेपर्यंत पाणी शांत असतं, तोंडापाशी आलं की उत्तरेकडची लांब लाट सुरू होते. गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे बघत बसावं. मोबाइल खिशात.

खायचं बरोबर न्यावं. बेटावरचं दुकान छोटं आणि ठरावीक वेळेपुरतं उघडं. शाकाहारी माणसाने डाल्विकलाच पाव, फळं, चीज घ्यावं. घरून पोळ्या, चटणी, चिवडा चालतो. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपाबाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे नकोत.

हवामान जितकं भीतीदायक वाटतं तितकं नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह जवळून जातो, म्हणून हिवाळ्यातही पारा शून्याच्या आसपासच राहतो. जुलैत दुपारी १० अंशांपर्यंत जातो, पण वारा अडवायला एकही झाड नाही. स्वेटरपेक्षा वारा न शिरणारं जाकीट आणि कानटोपी कामाची. छत्री उलटी होते, ती नेऊच नये. वीज मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर चालते, देशात इतरत्र असतं तसं जमिनीतलं गरम पाणी इथे नाही.

पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात. ते कड्याच्या माथ्यावर मातीत बिळं करतात, त्यामुळे गवताखालची जमीन पोकळ असते. कडेपासून दोन-तीन मीटर मागेच थांबायचं. पूर्वेचे कडे शंभर मीटरपर्यंत उंच आहेत. जून-जुलैत आर्क्टिक टर्न, आपल्या सुरयाचा भाऊबंद, डोक्यावर सूर मारतो आणि टोचतो. तो सर्वांत उंच जागी हल्ला करतो, म्हणून काठी डोक्यावर हातभर उंच धरून चालायचं. टोपी हवीच.

वृत्ताची खूण म्हणून २०१७ मध्ये काँक्रीटचा तीन मीटर व्यासाचा गोळा ठेवला, वजन सुमारे ८ टन. पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलतो तसं वृत्त वर्षाला अंदाजे १४.५ मीटर उत्तरेला सरकतं, म्हणून गोळाही सरकवायचा असा बेत आहे. २०५० च्या सुमारास वृत्त बेट सोडून समुद्रात जाईल. विमानतळाजवळचा जुना खांब फोटोला बरा, वृत्त मात्र त्याच्या पुढे निघून गेलंय. गोळा बंदरापासून जवळपास चार किमीवर, बेटाच्या उत्तर टोकाला. धावपट्टीपर्यंत रस्ता चांगला, पुढे गवत आणि खाचखळगे. जाऊन-येऊन अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे दोन तासांच्या थांब्यात तिथे जायच्या भानगडीत पडू नये.

मध्यरात्रीचा सूर्य जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिसू शकतो, पण दिवसाच्या बोटीने परतलात तर हुकतो. मुक्कामाला मोजक्या खोल्या आहेत, आधी ठरवाव्या लागतात. बोट रद्द होण्याची शक्यता धरून परतीच्या विमानापूर्वी आकुरेयरीत दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात.