तुम्ही विचारलंत म्हणून: लिहायचा हुरूप कुठनं आणते

"नोकरी, घर सगळं सांभाळून लिहायला मोटिवेशन कुठनं आणता हो?" लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला गेलं की तर हमखास, आणि निम्मे लोक माझं उत्तर ऐकायच्या आधीच सांगून मोकळे होतात की आवड असली की सवड मिळते. नाही मिळत. मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशोब बघते, हळदीचे सौदे जोरात असले की रात्री डोळे मिटले तरी हिशोबपट्ट्याच दिसतात. त्या दिवसांत मी लिहीत नाही. आणि त्याचं मला अपराधी वाटून घ्यायचं नाहीये.

मग कादंबरीकार वि. स. खांडेकरांचा दाखला देतात. १८९८ ला इथंच सांगलीत जन्मले, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, उतारवयात दृष्टी गेली तरी तोंडी सांगून लिहून घेत राहिले, मग तुम्हाला काय अडचण आहे, असा सगळा सूर. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण मला त्या गोष्टीतली जिद्द कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त दिसतं. सांगून लिहायचं म्हणजे प्रत्येक वाक्य समोरच्या माणसाच्या कानातून जाणार. वाक्य श्वासात बसलं नाही तर ते तिथंच कळणार. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचते ते यासाठी. स्वयंपाकघरात, दार लावून, पुन्हा पुन्हा. जिथं जीभ अडखळते तिथं बहुतेक वेळा मी न बघितलेलं काहीतरी बघितल्यासारखं लिहिलेलं असतं. सुधारणा म्हणाल तर एवढीच माझी पद्धत.

आता खरं काय घडलं ते सांगते, कारण त्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर कथा लिहायची होती. जमिनीखाली हळद साठवायची पेवं, तोंड अरुंद, आत ऐसपैस, वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं खचली. पेवात उतरायचं काम केलेले एक तात्या हरिपुरात आहेत, त्यांच्याकडं जाऊन बसायची. त्यांनी सांगितलं, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आधी दोरानं कंदील खाली सोडायचा, "इझला तर समजायचं खाली हवा न्हाई." त्या वेळी माणसं काय बोलतात असं विचारलं तर म्हणाले, "कोण बोलतंय? समदी कंदिलाकडं बघत्यात." कथेचा शेवट मी त्यावर बांधला. कुणी काही बोलत नाही, कंदील जळत राहतो, माणूस उतरतो.

एका दिवाळी अंकानं कथा घेतली. मी घरीदारी सगळ्यांना सांगून ठेवलं. अंक आला तेव्हा कथा पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवली तिथंच संपलेली. पुढची दीड पानं नाहीत. त्या जागी फर्निचरची जाहिरात. फोन केला तर म्हणाले जाहिराती ऐनवेळी वाढल्या, शेवट कापला तरी अर्थ लागतोच की. लागतोच की! माणूस उतरलाच नाही आणि म्हणे अर्थ लागतो. मी त्या दिवशी रडले. छोट्या गोष्टीवर रडले असं कुणी म्हणू नये, ती माझ्यासाठी छोटी नव्हती.

तात्यांना अंक दाखवायचा शब्द दिलेला. फराळाचा डबा घेऊन गेले. त्यांना वाचायला दिसत नाही, सून शेजारी बसली, मी वाचायला लागले. छापलेलं संपलं आणि मी थांबलेच नाही. इतक्या वेळा मोठ्यानं वाचलेलं होतं की पुढचं सगळं पाठ होतं, अंक तसाच समोर धरून म्हणत राहिले. सुनेला पानावर सोफासेट दिसत होता, तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. तात्या शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "बरं लिवलंस पोरी. पर दोर धरणाऱ्याचं कुठं लिवलंस? उतर म्हणून त्यानंच सांगायचं असतंय. खालचा वर येईस्तवर त्येच्या जिवाला थारा नसतोय."

परत येताना कापलेल्या पानांचा राग होताच, पण डोक्यात दोर धरणारा बसला होता. त्याच रात्री वही काढली.

आता याला मोटिवेशन म्हणायचं तर म्हणा. तेव्हाची मी म्हणाली असती की छापून येणं हेच खरं, बाकी मनाची समजूत. आजची मी तिला सांगते की तात्यांनी ऐकलं ना पूर्ण, झालं. त्यावर ती विचारते, मग अंकाचा फोन आला की अजून छाती का धडधडते? याचं उत्तर माझ्याकडं नाही. मला छापून यायला हवं असतं. पूर्ण छापून यायला हवं असतं. कुणी "लेखिका" म्हणून ओळख करून दिली की बरं वाटतं, तेही खरंच. पण खुर्चीत नेऊन बसवतो तो कुणाचा तरी असला प्रश्न, ज्याचं उत्तर लिहिल्याशिवाय मला कळणार नाही. असा प्रश्न आला नाही की महिनेच्या महिने कोरडे जातात, आणि काहीजण सांगतात तसं रोज सकाळी तासभर बसून तो येतो असा माझा तरी अनुभव नाही. तुमचा असेल.

दोर धरणाऱ्याची कथा पुरी झालीय. त्याच अंकाला पाठवलीय. नवरा म्हणाला, अक्कल आली नाही का अजून? पण हरिपुरात, तात्यांच्या गल्लीत, तोच अंक येतो. या वेळी शेवट कापायचा असेल तर कथा परत पाठवा, असं सोबतच्या पत्रात लिहिलंय.