सातचा क्लास सहाला

मी लातूरला घरूनच काम करतो, टीम सगळी जर्मनीत. आमचं अ‍ॅप ऑनलाइन क्लासवाल्यांसाठी आणि लातुरात क्लासेसला काय तोटा, त्यामुळं इथलेच एक सर आमचे कस्टमर. मागं मार्चचा शेवटचा रविवार झाला अन् सोमवारी दुपारी सरांचा फोन, "अरे मी डाउट सेशन संध्याकाळी सातचं टाकलं, पोरांच्या मोबाईलवर सहा दिसायलंय, काय करून ठेवलंय रे?"

बरोबर एक तास. आता मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढं सरकतात, ती कालच सरकलेली, त्यामुळं सगळी टीम डेलाइट सेव्हिंगच्याच मागं लागली. मी म्हणतोय की बाबांनो भारतात घड्याळ सरकतच नाही, पण कोण ऐकतंय. दोन तास त्यातच गेले, वरून मधी लाईट गेली, राउटर इन्व्हर्टरवर होता म्हणून निभावलं.

शेवटी सरांच्या फोनवरून सर्व्हरला काय जातंय ते लॉगमधी बघितलं तर १९:००+०६:३०, म्हणजे संध्याकाळचे सात, अन् यूटीसीच्या (जगाच्या प्रमाण वेळेच्या) साडेसहा तास पुढं. साडेसहा? आपण तर साडेपाच!

तर झालं असं की जावास्क्रिप्टचं गेटटाइमझोनऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक सांगणारं फंक्शन, भारतात उणे ३३० मिनिटं देतं, चिन्ह उलटं, ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. शुक्रवारी एकानं अ‍ॅप हलकं करायला तयार कोडची लायब्ररी काढून हातानं फंक्शन लिहिलं, ६० नं भागलं, मॅथ फ्लोअर (खालचा पूर्ण आकडा) लावला, मग चिन्ह उडवलं. पण उणे साडेपाचचा फ्लोअर उणे पाच येत नाही, उणे सहा येतो! उरलेली ३० मिनिटं वेगळी काढली, ती बरोबर, म्हणून ६:३०. सर्व्हरनं सातातून साडेसहा वजा केले, यूटीसी दुपारचे साडेबारा, त्यात फोननं साडेपाच मिळवले की सहा. जर्मनीत उणे ६० नाहीतर उणे १२०, भाग पूर्ण जातो, म्हणून त्यांच्या टेस्ट हिरव्यागार.

आधी अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे उणे चिन्ह काढायचं, मग भागाकार, एका ओळीचं काम. टेस्टमधी मी भारताच्या वेळेसाठी कोलकाता टाकलं, काठमांडूपण टाकलं. नेपाळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढं आहे म्हणलं तर जर्मनीतला एक जण विचारतो, हे टायपो आहे का?

सरांना तोवर वेळ हातानं आठ टाकायला सांगितलं होतं. दुरुस्तीचा पॅच गेल्यावर आता सातच टाका हे सांगायची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही, पुढच्या सेशनला सरांनी परत आठच टाकलं, सव्वासातला परत फोन.